आठ चिन्हं आणि सिंगल ब्लॉक

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर. चालू लेथ, खाली लोखंडाचा कीस.)

माझे बाबा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सीएनसी लेथ, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं धातू कापायचं मशीन, चालवतात. मी कॉम्प्युटर शिकते. पंचगंगेचं पाणी चढलं आणि कॉलेजला सुट्टी पडली, त्या आठवड्यात मी एका चेष्टेच्या प्रोग्रॅमिंग भाषेचा इंटरप्रीटर, म्हणजे त्या भाषेतला प्रोग्रॅम वाचत वाचत चालवणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतला.

ही भाषा १९९३ साली उर्बान म्युलर या स्विस विद्यार्थ्यानं केली. अमिगा कॉम्प्युटरवर जमेल तितका छोटा कम्पायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, लिहायचा, हा त्याचा हट्ट. तो ३०० बाइटच्या आत बसलाही. भाषेच्या नावात शिवी आहे. हा व्हिडिओ घरची मंडळीही बघणार, म्हणून नाव घेत नाही.

(दृश्य: वहीवर आखलेली घरांची लांब पट्टी.)

तिच्यात फक्त आठ चिन्हं. समोर ३०,००० घरांची पट्टी, सगळ्या घरांत शून्य, आणि एका घरावर बोट. बोट उजवीकडे न्या, डावीकडे न्या. घरातला आकडा एकनं वाढवा, एकनं कमी करा. टिंब आलं की तो आकडा अक्षर म्हणून छापा, स्वल्पविराम आला की बाहेरून एक अक्षर आत घ्या. ही झाली सहा. उरले दोन चौकोनी कंस: ते फेरा मारतात, घरात शून्य येईपर्यंत. आठ सोडून बाकी काहीही लिहिलं तरी इंटरप्रीटर त्याकडे बघत नाही, त्यामुळे मध्ये मराठीत टिपा लिहिता येतात. मी भरपूर लिहिल्या.

(पडद्यावर: ++++++++[>++++++++<-]>+.)

हे बघा. पहिल्या घरात आठ. प्रत्येक फेऱ्यात शेजारच्या घरात आठ टाकायचे आणि इथला एक काढायचा. आठ फेऱ्यांत चौसष्ट होतात, वर एक, पासष्ट. कॉम्प्युटरसाठी पासष्ट म्हणजे रोमन लिपीतला मोठा ए. गुणाकाराचं चिन्हच नसलेल्या भाषेत गुणाकार झाला! मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी आईला उठवून दाखवलं.

सहा चिन्हांचा कोड तासाभरात झाला. घाम काढला कंसांनी. घरात शून्य असेल तर उघडत्या कंसावरून थेट बंद कंसापलीकडे उडी मारायची. मी पुढे सापडेल त्या पहिल्या बंद कंसावर उडी मारत होते. साधे प्रोग्रॅम चालले, पण फेऱ्याच्या पोटात फेरा आला की सगळं भलतीकडे जाऊ लागलं. दोन दिवस मी कोड नुसता वाचत बसले.

तिसऱ्या दिवशी बाबा कामावरून आले, मागं उभं राहून बघितलं.

“काय करालीस?”

सांगितलं. एकेक चिन्ह वाचायचं, त्याप्रमाणे वागायचं, पुढच्यावर जायचं.

“मग हे आमच्या मशीनगतच की.”

खरंच तसंच. सीएनसीचा कंट्रोलरही प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचतो. जी झिरो झिरो आलं की टूल मोकळं धावतं, जी झिरो वन आलं की दिलेल्या फीडनं, म्हणजे ठरवलेल्या वेगानं, सरळ कापत जातं.

“नवीन प्रोग्रॅम आमी कधी डायरेक्ट सोडत न्हाई. सिंगल ब्लॉकला लाव. बटण दाबलं की एकच ओळ. टूल कुठं चाललंय ते डोळ्यांनी बघायचं.”

मी त्याच रात्री तसं बटण केलं. एंटर दाबलं की एक चिन्ह, आणि खाली पट्टीतली पहिली दहा घरं. सतराव्या एंटरला उडी चुकीच्या कंसावर पडताना दिसली.

(दृश्य: स्वयंपाकघरात ताटांची चळत.)

उपाय ताटांच्या चळतीसारखा आहे. प्रोग्रॅम सुरू करण्याआधी एकदा सगळा वाचून घ्यायचा. उघडता कंस दिसला की त्याची जागा चळतीवर ठेवायची. बंद कंस दिसला की वरचं ताट उचलायचं. तीच त्याची जोडी. शेवटी चळत रिकामी नसेल, किंवा उचलायला ताटच नसेल, तर प्रोग्रॅममध्येच कंस चुकलाय.

मग मला गावाचं नाव छापायचं होतं, देवनागरीत. ‘क’ छापायला तीन बाइट, म्हणजे तीन आकडे, लागतात: २२४, १६४, १४९. माझा इंटरप्रीटर प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर समजत होता, म्हणून पडद्यावर डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए आणि पुढे कचरा आला. बाइट जसेच्या तसे बाहेर सोडले तेव्हा जमलं. ‘कोल्हापूर’मध्ये काना, मात्रा, पाय मोडायची खूण धरून नऊ तुकडे. सत्तावीस बाइट, सत्तावीस टिंबं.

(पडद्यावर: कोल्हापूर)

बाबांनी चष्मा लावून प्रोग्रॅम वरून खालपर्यंत बघितला.

“शेवटाला एम थर्टी न्हाई?”

एम थर्टी म्हणजे प्रोग्रॅम समाप्त, आणि रिवाइंड होऊन परत पहिल्या ओळीवर. या भाषेत तसं चिन्हच नाही, म्हटलं. चिन्हं संपली की थांबतं.

“आणि रिवाइंड?”

ते मी आता लिहिते आहे.