नातीचा हात, आजोबांचा गुडघा

नमस्कार श्रोतेहो.

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हटलं तर नाशिककराला क्षणभर थांबावं लागतं. गोल्फ क्लब म्हटलं की लगेच कळतं. तिथे भल्या सकाळी गेलात तर खेळवेडे आजोबा लांबून ओळखू येतात. डोक्यावर कानटोपी, पायात पांढरे बूट, आणि चार फेऱ्या झाल्या की क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना कुणी न विचारलेला सल्ला. यातला कुणी तरुणपणी खो-खोत नाव काढलेला, तर कुणी दर रविवारी डोंगर चढणारा. अशा माणसाला नातवंड झालं, की त्याच्या मनात बालवाडीच्या आधी मैदान येतं. आजचं बोलणं या आजोबांशी आहे.

नातीला डोंगरावर न्यायचं, तर तिच्या तयारीआधी तुमची तयारी हवी. आणि ती चढण्याची नव्हे, उतरण्याची. चढताना दम लागतो, माणूस आपसूक थांबतो. उतार मात्र गप्प असतो. मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ताणत ताणत ब्रेक लावत असतो. तो थकला की सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. नेमकी त्याच वेळी नात हात सोडून पुढे पळालेली असते.

घरच्या घरी एक तपासणी करा. हात नसलेली, साधारण 43 सेंटीमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर आडवे घ्या. 30 सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं ते मोजा. 65 ते 74 वयाच्या पुरुषाला किमान 12 वेळा जमायला हवं; 75 ते 79 असेल तर 11. त्याहून कमी भरलं तर डोंगर सहा आठवडे पुढे ढकला आणि जिन्याशी मैत्री करा. सगळ्यात खालच्या पायरीवर कठडा धरून उभं राहायचं. एक पाय पुढे काढून, मनात तीन अंक मोजत, टाच जमिनीला नुसती टेकवायची आणि पाय परत वर घ्यायचा. प्रत्येक पायाने 10 वेळा, अशा दोन फेऱ्या, एक दिवसाआड. इथे एक चूक सर्रास होते: पायरीवर उरलेल्या पायाचा गुडघा आत वळतो. तो अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आत वळत असेल तर पायरी जास्त उंच आहे. वीट किंवा पाट घ्या. छातीत दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त दम यातलं काही असेल तर व्यायामही डॉक्टरांना विचारूनच.

बुटांचंही तेच. बहुतेक आजोबा चढण्याच्या बेताने बूट बांधतात आणि तसेच उतरतात. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं, अंगठ्याचं नख पुढच्या कडेवर आपटतं आणि दोन दिवसांनी काळं पडतं. म्हणून माथ्यावर बसून नाडी सोडायची, टाच मागे ठोकून घ्यायची आणि घोट्याजवळची वरची दोन भोकं घट्ट आवळायची. काठी सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी असावी. उतरताना चार बोटं लांब. लांब होणारी नसेल तर साधी बांबूची जरा उंच काठी घ्या आणि चढताना खाली धरा.

पहिला डोंगर कुठला? पांडवलेणी. इथे दुसरं उत्तर नाही. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून, पायथ्याशी फाळके स्मारक, वर जायला दोनेकशे बांधीव पायऱ्या. सहा वर्षांचं मूल रमतगमत अर्ध्या तासात पोचतं. लेण्यांची तोंडं उत्तरेकडे आहेत, त्यामुळे ओसरीत सावली मिळते आणि घाम तिथे निवतो. 24 लेणी एका दमात दाखवायला जाऊ नका; मूल पाचव्याला कंटाळतं. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात जा आणि तिथेच बसा. भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. लेख कोरला गेला तिचा नातू पुळुमावी राज्यावर असताना, त्याच्या 19 व्या वर्षी. आजीच्या सेवेसाठी नातवाने या लेण्याला गाव दिल्याचं त्यात लिहिलं आहे. त्या प्राकृतात आजीला ‘अयका’ म्हटलंय. नातीला हे सांगून बघा; राजांची नावं ती विसरेल, अयका विसरणार नाही.

पुढची पायरी रामशेज. दिंडोरीच्या बाजूला आशेवाडी गावातून वाट आहे, मुलांना घेऊन तासाभराची. संभाजी महाराजांच्या काळात मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवणारा हा किल्ला बघायला अगदी छोटा, हीच त्यातली गंमत. वर झाड जवळजवळ नाही, म्हणून मार्चनंतर नको. एरवीही उन्हं तापायच्या आत खाली यावं. अंजनेरी त्यानंतर, मूल नऊ-दहा वर्षांचं झाल्यावर. हरिहरच्या त्या प्रसिद्ध उभ्या पायऱ्यांवर मात्र आजोबा-नातवाच्या जोडीचं काही काम नाही. फोटो छान येतो हे खरं, पण त्या पायऱ्या एका माणसापुरत्या आहेत. वरचा माणूस घाबरून अडला की खालची अख्खी रांग खोबणीत बोटं घालून लटकते.

पिशवीत माणशी एक लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, म्हणजे 20 किलोच्या पोराला दोन किलो, पाण्यासकट. खाऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत हातात धरला की माकडं पोराकडूनच हिसकावणार, तुमच्याकडून नाही. कातळाला आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको. गुपचूप मागे फिरायचं.

हिवाळ्यात एखादी सकाळ नांदूरमध्यमेश्वरला द्या. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणी 2020 मध्ये राज्यातली पहिली रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाची, पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं. दुर्बीण एकच असेल तर ती नातीच्या गळ्यात.

आता घरचा खेळ. कविता राऊत सावरपाड्यातून निघून 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य घेऊन आली, म्हणून काही आजोबा नातीच्या हाती थेट स्टॉपवॉच ठेवतात. सहाव्या वर्षी घड्याळ नको. मल्लखांब शिकवायचा असेल तर चांगली व्यायामशाळा गाठा आणि तुम्ही बाजूला बसा. मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर आपल्याच कोठुऱ्याचे, हा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण एरंडेल चोळलेल्या खांबावर पकड शिकवणं हे गुरूचंच काम. आजोबांनी स्वतः शिकवावा तो विटीदांडू, आणि तोही घरी बनवून.

लाकूड बाभळीचं, चिवट असतं, टोल्याने पिचत नाही. ओली फांदी लगेच तासली तर वाळताना उभी चीर जाते. म्हणून साल ठेवून, दोन्ही कापांना मेण किंवा रंग लावून, महिनाभर सावलीत ठेवा. दांडू मुलाच्या बगलेपासून मनगटापर्यंतच्या लांबीचा, मुठीत सहज मावेल एवढा जाड. विटी चार इंच, अंगठ्याएवढी जाड, दोन्ही टोकांना साधारण इंचभर निमुळती. टोक बोथट राहिलं तर विटी उडतच नाही, जागेवर गिरकी घेते. पेन्सिलीसारखं अणकुचीदार केलं तर चार टोल्यांत फुटतं, शिवाय डोळ्याला धोका. टोक हरभऱ्याएवढं गोल ठेवा आणि काचकागदाने घासा.

मुलं विटीवर खच्चून हाणतात आणि विटी जमिनीत रुतते. टोला मनगटाचा, अलगद, टोकापासून अर्ध्या इंचावर. विटी कमरेएवढी उडाली की मग मारायची. पहिले आठ दिवस नुसतं उडवणंच, मारणं नाही. समोर पंधरा पावलांत कुणी उभं नको. वकट, लेंड, मुंड, नाल हे तेलुगू आकडे पोरांना ऐकूनच हसू येतं, पाठ करून घ्या. पण डोळ्यावर विटी ठेवायचा डाव दहा वर्षांपर्यंत वगळा.

विट्या एकदम तीन करून ठेवा. एक फुटते, आणि एक पहिल्याच रविवारी शेजारच्या गच्चीवर जाते. ती मागायला नातीला पाठवू नका, तुम्ही जा.