मॅटूनचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. कोळशाच्या विजेतला कार्बन डायऑक्साइड हवेत न सोडता जमिनीत गाडायचा, आणि त्या संशोधनाला सरकारने पैसा द्यायचा, हा आजचा विषय. कोळशाचा आधी वायू करायचा, त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा आणि खोल खडकात दाबून भरायचा. तंत्र एवढंच, पण फार खर्चाचं. पहिलं वीजघर सरकारी पैशाशिवाय उभंच राहत नाही.

आता मॅटूनची गोष्ट ऐका. मॅटून हे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं लहानसं शहर. २००३ साली बुश सरकारने फ्यूचरजेन नावाचा २७५ मेगावॅटचा प्रकल्प जाहीर केला. २००६ मध्ये भारतही त्यात एक कोटी डॉलर घालायला तयार झाला होता. जागेसाठी शेवटच्या फेरीत चार गावं उरली, दोन इलिनॉयमधली, दोन टेक्सासमधली. १८ डिसेंबर २००७ ला नाव जाहीर झालं, मॅटून! आणि जानेवारी संपायच्या आत ऊर्जा खात्याने अंग काढून घेतलं. का? तर म्हणे, ९५ कोटी डॉलरचा खर्च १८० कोटींवर गेला. जवळजवळ दुप्पट!

वर्षभराने सरकारच्याच लेखापरीक्षकांनी ते आकडे तपासले. ९५ कोटी होते २००४ च्या भावाने. १८० कोटी होते पुढच्या वर्षांची महागाई धरून. पुन्हा सांगतो, एक आकडा जुन्या भावाचा, दुसरा वाढीव भावाचा. महिन्याचा किराणा भरणाऱ्या कुणालाही हे खटकलं असतं. एकाच भावाने मोजलं तर वाढ निघाली ३९ टक्के. दुप्पट नाही, ३९ टक्के!  

२०१० मध्ये ओबामा सरकारने १०० कोटी डॉलर मंजूर केले, पण वीजघर ठरलं इलिनॉयमधल्याच मेरेडोसिया गावातल्या जुन्या वीजकेंद्रात. मॅटूनच्या वाट्याला फक्त वायू गाडायची जागा. मॅटूनने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळवलं, आम्हाला नको.

आणि मेरेडोसिया? पैसा सप्टेंबर २०१५ पर्यंत खर्चायची अट होती. तेवढ्यात काम होणं शक्य नव्हतं, म्हणून फेब्रुवारीतच तेही थांबवलं. इतक्या अवघड संशोधनाला अशी मुदत घालणं मला अजिबात पटत नाही.