कॉमा नंतर बघू, आधी पेपर तर सापडू दे

(ठाण्यात संशोधक विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं नीटनेटकं करून)

मागे आवाज येतोय ना? बरं. आज बोलायचंय पेपराच्या शेवटच्या रेफरन्सच्या, म्हणजे संदर्भांच्या, यादीबद्दल. आधीच सांगते, त्या यादीत कॉमाच्या जागी फुलस्टॉप पडला एवढ्यावरून चांगला पेपर परत पाठवणारा संपादक मला तरी अजून भेटलेला नाही. एल्सेविअर या मोठ्या प्रकाशकाची कितीतरी जर्नल्स तर स्वतःच सांगतात की पेपर पहिल्यांदा पाठवताना रेफरन्स कुठल्याही स्टाइलमध्ये द्या, फक्त सगळीकडे एकच ठेवा. तरी आपली मुलं आदल्या रात्री कंस गोल की चौकोनी यावर जागरण करतात आणि त्याच यादीत वर्ष चुकलेलं असतं, पान नंबर चुकलेला असतो, कधीकधी एखादा पेपर असा असतो की जो जगात नाहीच.

हसू नका, हे झालंय. एल्सेविअरच्याच लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये नमुना म्हणून एक रेफरन्स दिलेला होता, वान डर गीअर आणि मंडळी, वर्ष 2000. तो पेपरही नाही आणि ते जर्नलही नाही, निव्वळ फॉरमॅट दाखवायला बनवलेला. अ‍ॅन-विल हार्झिंग नावाच्या प्राध्यापिकेने 2017 मध्ये शोध घेतला तर जवळपास 400 पेपरांनी तो साइट केलेला, म्हणजे संदर्भ म्हणून दिलेला! लोकांनी टेम्प्लेटमध्ये आपला मजकूर भरला आणि नमुना पुसायचा राहिला, बहुतेक ठिकाणी एवढंच झालेलं. पण लेखक, सहलेखक, रिव्ह्यूअर म्हणजे पेपर तपासणारे तज्ज्ञ, कॉपी एडिटर एवढ्या जणांच्या नजरेखालून तो गेला, म्हणजे यादी कोणी वाचलीच नाही. फॉरमॅट मात्र एकदम परफेक्ट होता हं त्याचा.

रेफरन्स म्हणजे पत्ता. नवी मुंबईत कोणी नुसतं सेक्टर 10 म्हणाला तर रिक्षावाला विचारणारच ना, कुठला, वाशीचा, नेरूळचा की खारघरचा. तसंच नुसता पान नंबर असून भागत नाही, जर्नल, वर्ष, व्हॉल्यूम म्हणजे खंड, पान सगळं जुळलं तरच माणूस पोचतो.

आता सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांचा नेचरमधला 1928 चा पेपर घ्या, रामन परिणामाचा. मेडिकलवाल्यांच्या व्हँकुव्हर स्टाइलमध्ये तो असा येतो: रामन सीव्ही, कृष्णन केएस, मग शीर्षक, मग नेचर, 1928;121:501-2. एपीए या मानसशास्त्रवाल्यांच्या स्टाइलमध्ये वर्ष नावांच्या मागोमाग कंसात, पानं पूर्ण 501–502, आणि अंक नंबर 3048 पण लागतो. माहिती तीच, मांडणी वेगळी. व्हँकुव्हर हे नाव कुठून आलं तर 1978 मध्ये काही मेडिकल जर्नल्सचे संपादक त्या गावात जमले होते म्हणून, आणि मजकुरात लेखक आणि वर्ष देणारी हार्वर्ड स्टाइल म्हणतात ती हार्वर्डमधल्या मार्क नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने 1881 मध्ये शंख नसलेल्या गोगलगायीवरच्या पेपरात वापरली होती. असो. एक चूक मात्र फार दिसते, नेचरचं नाव लोक छोटं करून लिहितात. जर्नलचं नाव एकाच शब्दाचं असेल तर छोटं करायचं नसतं, नेचर नेचरच राहतं. मोठी नावं छोटी करायची ती पण मनाने नाही, जर्नलना नंबर देणाऱ्या आयएसएसएन संस्थेची ठरलेली यादी आहे ती बघून.

नावांची गोष्ट तर आपल्याकडे अवघडच. रामन हे त्यांचं आडनाव नव्हतंच मुळी, सी म्हणजे वडलांचं नाव चंद्रशेखर, आणि वेंकट रामन हे त्यांचं स्वतःचं. सॉफ्टवेअरला हे काय कळणार, ते शेवटचा शब्द उचलतं आणि त्यालाच आडनाव ठरवतं. आपल्याकडे नाव, वडलांचं नाव, आडनाव, मग लग्नानंतर कदाचित दोन्ही बदललेली, मग एकाच बाईचे पेपर तीन वेगवेगळ्या बायकांच्या नावावर दिसतात! म्हणून 16 अंकी ऑर्किड (ORCID) नंबर काढा, संशोधकाची स्वतःची ओळख सांगणारा, 2012 पासून आहे, फुकट मिळतो. आणि दुसऱ्याचं नाव साइट करताना त्याने त्या पेपरावर जसं छापलंय तसंच घ्या, आपण सुधारायला जायचं नाही.

तेच जुन्या पुस्तकांचं. ठाण्याच्या खाडीवर काम करणारे बरेच जण जुनं गॅझेटियर साइट करतात, मुंबई इलाख्याचं, 13 वा खंड, 1882. त्यावर ठाण्याचं इंग्रजी स्पेलिंग जुनं आहे, शेवटी a असलेलं, Thana, आणि प्रकाशनाचं गाव बॉम्बे. ते बदलून आजचं करायचं नाही. उद्या कोणी लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये तुमचं सुधारलेलं नाव टाकून शोधलं तर त्याला काय सापडणार सांगा.

रेफरन्स सांभाळून यादी बनवणारं सॉफ्टवेअर वापराच, त्यातलं झोटेरो फुकट आहे, हाताने यादी टाइप करणं 2 पेपरांपुरतं ठीक. पण त्याला दिलेला डेटा जर कचरा असेल तर तो कचराच सुंदर मांडून देईल. लेटेक (LaTeX) मध्ये पेपर लिहिणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळा, त्यातली यादी बनवणाऱ्या बिबटेकच्या (BibTeX) बऱ्याच स्टाइल शीर्षकातली कॅपिटल अक्षरं स्मॉल करून टाकतात, मग ठाणे खाडीचा ठाणे, इंडिया, डीएनए सगळे स्मॉलमध्ये. महिरपी कंसात टाकलं की वाचतात. फ्लेमिंगोचं शास्त्रीय नाव इटॅलिकमध्ये हवं असतं, ते इम्पोर्ट होताना बहुतेक वेळा सरळ होऊन येतं, तेही बघायचं. आणि वर्डमध्ये शेवटी झोटेरोचे दुवे तोडायचे असतील तर फाइलची कॉपी करून त्या कॉपीत तोडा, कारण रिव्ह्यूअर 3 नवे पेपर घाला म्हणणारच आहे आणि मग 60 नंबर हाताने बदलत बसाल. हो, नंबरवाल्या स्टाइलमध्ये टेबलमधले रेफरन्स विसरतात सगळे, त्यांचा नंबर मजकुरात ते टेबल पहिल्यांदा जिथे येतं त्या जागेच्या हिशोबाने लागतो.

आता खरी गोष्ट. सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी 2003 च्या सुमारास एका गाजलेल्या पेपरची साधारण 4300 सायटेशन्स तपासली. त्यात 196 ठिकाणी छपाईच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त 45, आणि पान नंबरची एकच चूक 78 वेळा आलेली. आता 78 माणसं आपापली स्वतंत्रपणे तीच चूक करतील का? एकाने केली आणि बाकीच्यांनी त्याच्या यादीतून उचलली, मूळ पेपर न उघडता. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की साइट करणाऱ्यांपैकी जेमतेम 20 टक्के लोक मूळ पेपर वाचत असावेत. आकड्यावर वाद घाला हवा तर, पण कॉपी झालेली चूक लपत नाही.

आणि आता चॅटजीपीटी आलंय, ते एखाद्या खऱ्या लेखकाचं नाव, खरं जर्नल, पटेल असं शीर्षक जोडून न लिहिलेला पेपर तयार करून देतं, वर डीओआय, म्हणजे पेपराचा कायमचा ऑनलाइन पत्ता-नंबर, तोही देतं. म्हणून सबमिट करायच्या आधी प्रत्येक डीओआयवर क्लिक करायचं, उघडलेल्या पानावर तोच पेपर आहे का बघायचं, आणि तो नंतर मागे घेतला गेलाय का तेही, झोटेरो लाल पट्टी दाखवतं अशा वेळी. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी आपापली यादी उघडा, पहिले पाच डीओआय आत्ताच तपासू, ज्याचा उघडणार नाही त्याने हात वर करा.