सळया सोडलेला कॉम्प्युटर

अध्यक्ष महाशय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि मित्रहो,

पत्रिकेवर माझा विषय ‘कमी पैशांत पहिला डेस्कटॉप’ असा छापलाय. समोर बघतो तर निम्मी मंडळी बारावीची आणि निम्मे त्यांचे वडील. म्हणजे घेणारा आणि पैसे देणारा एकाच हॉलमध्ये आलेत, हे फार बरं झालं. एरवी दुकानात पोरगा एकटाच जातो आणि वडिलांना आकडा नंतर कळतो.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. आपल्या परभणीत कुठल्याही गच्चीवर उभे राहा, चहूकडे कॉलमच्या सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतील. खालचा मजला झाला, पैसे संपले, पण मालकाने वरच्या मजल्यासाठी सळया सोडून ठेवल्या. पुण्याच्या पाहुण्यांना ते अर्धवट बांधकाम वाटतं. वाटू द्या. पाया दोन मजल्यांचा घालायचा आणि तूर्त एका मजल्यात राहायला जायचं, यात मला तरी शहाणपण दिसतं. कॉम्प्युटर असाच घ्यावा. आज आहेत तेवढ्या पैशांत चालू व्हावा, पुढचं सोयाबीन मोंढ्यात गेलं की त्यात रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, पडावी, त्याच्या पुढच्या साली ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र आणि गेम सांभाळणारा भाग. लॅपटॉपचं इथेच अडतं. आजकाल कित्येक लॅपटॉपची रॅम बोर्डालाच, म्हणजे सगळे भाग बसतात त्या मुख्य पट्टीलाच, सोल्डर केलेली असते. घेतला तेवढाच तो.

एवढं सांगून मी खाली बसलो असतो तरी चाललं असतं, पण आयोजकांनी वेळ भरपूर दिलाय. तेव्हा भाच्याची गोष्ट ऐकाच.

माझा भाचा जिंतूर तालुक्यात असतो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. पोरगा कामाचा आहे. हळदीच्या व्हिडिओला गाणं असं चपखल लावतो की नवरदेवाच्या आत्याही नाचताना बऱ्या दिसतात. मागच्या लग्नसराईच्या तोंडावर त्याने मला न विचारता कॉम्प्युटर घेतला. दुकानाचं नाव घेत नाही, गावाचंही नाही. फोन आला, “मामा, आय-सेव्हन घेतला! फक्त सतरा हजारात! सोळा जीबी रॅम, काचेचं कॅबिनेट, चार पंखे, रंग बदलणारे!” आय-सेव्हन म्हणजे इंटेल कंपनीचा प्रोसेसर, कॉम्प्युटरचा मेंदू. मी म्हटलं, बाळा, सतरा हजारात आय-सेव्हन येतो, पण कुठल्या सालातला? त्याला वाटलं मामा जळतोय.

तीन आठवड्यांनी दुसरा फोन. “मामा, एक्सपोर्टला लावला की मधीच बंद पडायलाय.” एक्सपोर्ट म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची पक्की फाइल बनवणं.

बसने गेलो. काचेचं दार उघडलं. रंगीत पंखे खरोखर सुंदर होते, देवघरात ठेवावेत असे. आत निघाला आय-सेव्हन २६००. खरा आय-सेव्हन, खोटा नव्हे, फक्त २०११ सालचा. माणसं सात आकडा बघतात आणि पिढी विसरतात. खाली एच-६१ बोर्ड, त्यावर डीडीआर-थ्री, म्हणजे जुन्या पिढीची रॅम. या बोर्डाचं सॉकेट ११५५ पिनांचं. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात आणि तिसरी पिढी आली २०१२ मध्ये. म्हणजे पोराने जो वरचा मजला चढवायचं स्वप्न बघितलं, त्याचा रस्ता तो आठवी-नववीत शिकत होता तेव्हाच बंद झाला होता. ही रॅम काढून नव्या बोर्डात टाकावी म्हटलं तर तीही बसत नाही, कारण पुढच्या पिढीच्या डीडीआर-फोर रॅमची खाच वेगळ्या जागी असते. विंडोज ११ साठी इंटेलची निदान आठवी पिढी लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदाराने सांगितलेलं होतं, “पुढं कितीबी वाढवा.” वाढवा की! पंखे वाढवा.

पण बंद पडण्याचं कारण यातलं एकही नव्हतं, आणि माझा खरा राग तिथे आहे. मी एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारी पेटी, बाहेर काढला. हातात घेताच कळलं, आत कुणी नाही. स्टिकरवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. त्याच स्टिकरवर खाली बारीक तक्ता असतो, तो कुणी वाचत नाही. तो वाचा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात लिहिलं होतं १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, एकशे अडुसष्ट वॅट. कॉम्प्युटरमधले प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे खाणारे १२ व्होल्टवरच जेवतात. म्हणजे ४५० ची पाटी आणि पंगतीला वाढायला १६८. ही लबाडी दुकानदार तुमच्या डोळ्यांदेखत छापील देतो, हे मला विशेष आवडतं.

मग मी तो खोलला. घरी कुणी खोलू नका. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतो. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवत आयुष्य घालवलं म्हणून खोलला. वीज आत येते त्या तोंडाशी पट्टीवर पांढऱ्या शाईने कॉइलचं चित्र छापलेलं होतं, शेजारी दोन कपॅसिटरच्या चौकटी. ही मंडळी विजेतली खरखर गाळतात. म्हणजे ज्याने डिझाइन केलं त्याने सगळं नीट केलं होतं. ज्याने बनवलं त्याने कॉइलच्या जागी वायरचे दोन तुकडे डकवले आणि कपॅसिटरच्या चौकटी रिकाम्या सोडल्या. छापील जागा रिकाम्या बघून मला इतकी लाज वाटली, जणू हा माझाच विद्यार्थी.

आता हे आपल्याकडे का जास्त नडतं? कागदावर आपल्याला २३० व्होल्ट मिळतात. संध्याकाळी शेतातल्या आखाड्यावरच्या मोटारी चालू झाल्या की गावातला बल्ब काय मिळतो ते सांगतोच. दाब उतरला की तेवढ्याच कामासाठी एसएमपीएस जास्त करंट ओढतो, तापतो, आणि हलका असेल तर मान टाकतो. चांगल्या एसएमपीएसवर ‘अ‍ॅक्टिव्ह पीएफसी’ लिहिलेलं असतं, म्हणजे आत भिंतीतून वीज एकसारखी ओढणारं सर्किट आहे. त्यातले बरेच १०० पासून २४० व्होल्टपर्यंत कुठेही तग धरतात. तेही स्टिकरवर बघून घ्या. फक्त घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर हे साहेब कधीकधी रुसतात. साइन वेव्हवाला लागतो. आणि ‘८० प्लस’चा शिक्का म्हणजे वीज वाया किती जाते याची परीक्षा. भिंतीतून १०० घेतले तर आत ८० तरी पोचतात, एवढंच. टिकाऊपणाचं सर्टिफिकेट म्हणून त्याकडे बघू नका.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मागच्या रांगेतल्या एका काकांनी आत येतानाच विचारलं, की कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, कॉम्प्युटर खराब आहे का? काका, कॉम्प्युटर चांगला आहे, तुमची अर्थिंग खराब आहे. मी आत्ता जे गायब कपॅसिटर सांगितले, ते जिथे असतात तिथे ते फेज आणि न्यूट्रल या दोघांनाही पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर तो बारीकसा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा निम्म्या दाबावर, ११५ च्या आसपास, तरंगत राहतो आणि तुमच्या बोटातून वाट शोधतो. गंमत अशी की भाच्याच्या डब्याला मुंग्या येतच नव्हत्या, कारण कपॅसिटरच नव्हते! म्हणून गावात सर्वांचं मत पडलं की त्याचा कॉम्प्युटर चांगला आणि काकांचा बिघडलेला. तीन पिनेचं सॉकेट भिंतीवर असणं आणि तिसऱ्या पिनेच्या मागे वायर असणं, या आपल्याकडे दोन स्वतंत्र घटना आहेत. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग कॉम्प्युटरवाल्याला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे’ लिहिलंय आणि खाली रेघ मारलीय. म्हणजे छापील विषय आता उरकला पाहिजे.

चाळीस हजारांच्या आसपास बजेट धरा. भाव सांगत नाही. २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरवाल्यांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली आणि रॅमचा भाव तुरीसारखा हलतोय. क्रम तेवढा सांगतो. जे पुढे बदलायचं नाही त्यावर आधी खर्च करा. म्हणजे एसएमपीएस आणि बोर्ड. साडेपाचशे वॅटचा, १२ व्होल्टवर चाळीस-बेचाळीस अँपिअर लिहिलेला एसएमपीएस घेतलात तर मध्यम ग्राफिक्स कार्ड उद्या बसतं. बोर्डाला रॅमचे चार स्लॉट आणि एम-टू एसएसडीच्या, म्हणजे फाइली साठवणाऱ्या पातळ पट्टीच्या, दोन जागा बघा. दोन स्लॉटवाला बोर्ड स्वस्त पडतो, पण त्याने सळया कापलेल्या असतात.

सॉकेट निवडताना कंपनीचं चारित्र्य बघा. एएमडी कंपनीच्या एएम-फोर सॉकेटच्या, २०१७ मध्ये आलेल्या कित्येक बोर्डांवर बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून तिचा २०२२ चा रायझन ५८०० एक्स-थ्री-डी प्रोसेसर चालतो. उलट त्याच २०१७ मध्ये इंटेलची सातवी पिढी जानेवारीत आली, आठवी ऑक्टोबरमध्ये. दोघांच्या पिना ११५१, आणि तरी सातवीच्या बोर्डावर आठवीचा प्रोसेसर चालत नाही. आज घ्यायचं तर एएम-फाइव्ह. एएमडीने त्याला २०२७ आणि पुढेही साथ द्यायचं जाहीर केलंय. डीडीआर-फाइव्ह रॅम महाग आहे, मान्य. सध्या एकच स्टिक घ्या, दुसरी दिवाळीला, तोवर गेम जरा रडतील. तेवढंही जमत नसेल तर एएम-फोरवर रायझन ५६०० जी. पण शेवटचा ‘जी’ विसरू नका! नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लावेपर्यंत स्क्रीन काळी राहते. इंटेलमध्ये मागे ‘एफ’ दिसला की तसंच समजा.

ग्राफिक्स कार्ड सर्वांत शेवटी. मॉनिटरही थांबू शकतो. घरच्या टीव्हीला एचडीएमआय असतं, आईची मालिका संपल्यावर तो आपलाच. हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी घ्या, भले छोटी. जुन्या बाजारातून प्रोसेसर आणि रॅम खुशाल घ्या. एसएमपीएस आणि हार्ड डिस्क जुनी कधीच नको. कॅबिनेटला पुढे काच नको, जाळी हवी. आपला मे महिना तुम्हाला माहीत आहे.

जोडताना आधी सगळं बाहेर, बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडा. प्रोसेसर, पंखा, एक रॅम, एसएमपीएस. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवा. बायोस दिसलं की मगच कॅबिनेटमध्ये. हे दुकानातच करून घेतलंत तर उत्तम.

भाच्याचं काय झालं, विचारताय? एसएमपीएस बदलला, विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. त्याची बहीण त्यावर टायपिंग शिकतेय. त्याचा नवा बोर्ड येत्या हंगामात.

आणि एक मिनिट, वडील मंडळी, हे तुमच्यासाठी. बिलावर ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’ असं लिहून घेऊ नका. वॉरंटी सेटला नसते, प्रत्येक भागाला त्याच्या सिरियल नंबरवर असते. कुणाची तीन वर्षं, कुणाची पाच. प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत, नंबरासकट, जीएसटी लावून. दुकानदार म्हणाला ‘घरचाच माणूस आहे, बिल कशाला’, तर उठून या. अध्यक्ष उठलेच आहेत, मीही थांबतो.