पोळ्याला बैलाला पुरणपोळी घालताय? आधी हे ऐका

नमस्कार मंडळी! पोळा तोंडावर आलाय आणि कमेंटमध्ये परत तेच, "दादा, वर्षातून एकदा घातल्या चार पोळ्या तर काय बिघडतं?" चार पोळ्यांनी नाही बिघडत हो, पण गल्लीतलं प्रत्येक घर चार-चार घालतं ना!

बेसिक पटकन सांगतो. गवतातलं सेल्युलोज तोडायचं एन्झाइम कुठलाच सस्तन प्राणी स्वतः बनवत नाही, ते बॅक्टेरिया बनवतात. 2008 मध्ये रूथ ले या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या टीमने 60 जातींच्या सस्तन प्राण्यांची विष्ठा तपासली, तर मांसाहारींच्या पोटात सगळ्यात कमी प्रकारचे बॅक्टेरिया, मिश्राहारींच्या त्याहून जास्त आणि शाकाहारींच्या सगळ्यात जास्त. याला पांडा अपवाद आहे, तो बांबू खातो पण त्याचं आतडं आणि बॅक्टेरिया अजून अस्वलांसारखेच, म्हणून खाल्लेल्यातलं जेमतेम 17 टक्के पचतं आणि बिचारा दिवसभर खातच बसतो. असो.

आता नीट ऐका. आपण गायीला चारा घालतो, पण तो आधी खातात तिच्या कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले बॅक्टेरिया. (आणि "गायीला चार पोटं" लिहिणाऱ्यांनो, पोट एकच, कप्पे चार.) ते चारा आंबवतात, त्यातून जी आम्लं तयार होतात त्यावर गाय जगते, आणि पुढे ते बॅक्टेरियाच पचवून प्रोटीन मिळवते. म्हणजे तुम्ही गाय नाही, आधी बॅक्टेरिया पोसताय.

नाही पटलं? सशाकडे बघा. एका ताईंनी विचारलं होतं, ससा स्वतःची लेंडी खातो, आजारी आहे का? अजिबात नाही! त्याचा आंबवायचा कप्पा लहान आतड्याच्या नंतर येतो, त्यामुळे बॅक्टेरियांनी बनवलेलं प्रोटीन आणि व्हिटॅमिन्स तशीच बाहेर जातात, म्हणून तो मऊ लेंड्या परत खातो. त्याला ते करू द्या, ओरडू नका.

आणि आता आपला बैल. वर्षभर कडबा खाल्लाय, कोटीपोटात कडबा तोडणारे बॅक्टेरिया आहेत. अचानक पुरणपोळ्या, भात, शिळ्या चपात्या पडल्या की पिष्ट आणि साखरेवर झपाट्याने वाढणारे दुसरेच बॅक्टेरिया फोफावतात, लॅक्टिक ॲसिड सोडतात, सामू (pH) साडेपाचच्या खाली जातो, म्हणजे पोटातलं आम्ल वाढतं आणि कडबा पचवणारे मरायला लागतात. मामाच्या गावात एका लग्नाचा उरलेला भात कुणीतरी घमेल्याने गायीपुढे ओतला. दुसऱ्या दिवशी रवंथ बंद, शेण पातळ आणि आंबूस वासाचं, गाय उठेना. डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. घालणाऱ्याला पुण्यच करायचं होतं, आणि मला राग येतो तो याचाच! खाऊ घालायचंच असेल तर हिरवा चारा घाला ना. खुराक वाढवायचा असेल तर दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा वाढवा, बॅक्टेरियांना बदलायला तेवढा वेळ लागतो. आणि जनावराने जास्त खाल्लंच तर घरगुती उपाय शोधत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

शेवटचा प्रश्न, सुबाभूळ चालतं का? त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, जास्त झालं की केस गळतात, गलगंड होतो. ऑस्ट्रेलियात गुरं आजारी पडायची, हवाईतल्या शेळ्या मात्र तेच खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात तिथल्या जनावरांच्या पोटातले बॅक्टेरिया ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले आणि त्यांनाही सुबाभूळ पचायला लागलं! त्या बॅक्टेरियाला पुढे त्याचंच नाव दिलं, सिनर्जिस्टेस जोन्सी. आपल्याकडे एकूण चाऱ्याच्या 30 टक्क्यांच्या आतच ठेवा, बाकी कडबा आणि गवत. शेळ्यांना किती घालायचं ते विचारणाऱ्यांनी आधी सध्या काय चारताय ते कमेंटमध्ये लिहा, त्याशिवाय सांगता येणार नाही.