प्रेमाला अडचण हवी: टीव्हीवरच्या जादूभरल्या रॉमकॉमविषयी

मंडळी, नमस्कार.

अमेरिकेत थंडीची चाहूल लागली की टीव्हीवर एक ठरावीक प्रकारचा सिनेमा सुरू होतो. छोटंसं गाव, दिव्यांच्या माळा, बर्फ, कामात बुडालेली नायिका, मनाने चांगला पण जरा अवघडलेला नायक, आणि कुठून तरी आलेली चिमूटभर जादू. कुणी भूतकाळात जाऊन पडतं, कुणाला एकच दिवस पुन्हा पुन्हा जगावा लागतो, कुणासाठी बर्फाचा पुतळा माणूस होऊन चालू लागतो. हे सिनेमे थिएटरात लागत नाहीत. समीक्षक त्यांच्याबद्दल लिहितात तेही बहुतेकदा उरकून टाकल्यासारखं. मला मात्र ते मनापासून आवडतात. का आवडतात याचा शोध घेताना मी दरवेळी त्यांच्यातल्या जादूपाशी येऊन थांबते. म्हणून आज बोलणार आहे ते त्या जादूबद्दलच.

प्रेमकथा अडचणीवर चालते. दोघं भेटली, एकमेकांना आवडली, लग्न झालं, एवढ्याने गोष्ट होत नाही. मधे काहीतरी आडवं यावं लागतं. पूर्वी ते काम समाजच करायचा: घराण्याघराण्यांतलं वैर, श्रीमंती-गरिबी, वडिलांचा नकार. आपल्याकडे जातीची भिंत अजूनही उभी आहे. पण आजच्या अमेरिकी रॉमकॉममधली, म्हणजे हलक्याफुलक्या विनोदी प्रेमपटातली, जोडी घ्या. दोघंही तिशीतली, कमावती, आपल्या मर्जीची मालक. त्यांना अडवणार कोण? मग लेखक गैरसमजाच्या मागे लागतो. तिने फोनवरचं अर्धंच बोलणं ऐकलं, त्याने बदलीची गोष्ट लपवली. समोरासमोर दोन वाक्यं बोलली असती तर मिटलं असतं अशा भांडणावर शेवटची वीस मिनिटं काढायची. अशा वेळी मला त्या दोघांचाही राग येतो. इतकं साधं बोलता येत नसेल तर संसार कसा करणार, असं वाटतं.

जादू इथे उपयोगी पडते. ती प्रेमाच्या वाटेत खरीखुरी अडचण आणून ठेवते, आणि त्या अडचणीत दोघांपैकी कुणाचाच दोष नसतो.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. हॉलमार्क वाहिनीचा २०२३ सालचा ‘अ बिल्टमोर ख्रिसमस’. नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलला जॉर्ज व्हँडरबिल्टने १८८९ ते १८९५ या काळात बांधलेला अडीचशे खोल्यांचा वाडा आहे, बिल्टमोर. गोष्ट तिथेच घडते. लूसी ही पटकथालेखिका १९४७ सालच्या एका गाजलेल्या सिनेमाची नवी आवृत्ती लिहिते आहे. हा जुना सिनेमा काल्पनिक, गोष्टीपुरता रचलेला. तिने लिहिलेला शेवट स्टुडिओला पसंत नाही, कारण तो गोड नाही. तिचा मुळी गोड शेवटांवर विश्वासच उरलेला नाही. वाड्यात तिच्या हातून वाळूचं घड्याळ कलंडतं आणि ती जाऊन पोचते १९४७ मध्ये, त्याच सिनेमाच्या सेटवर. तिथे तिला भेटतो त्या सिनेमाचा नायक. वाळू संपली की ती परत आपल्या काळात.

आता ही अडचण बघा. शहात्तर वर्षांचं अंतर. कितीही समजूतदारपणे बोला, मिटणारं नाही. आणि भेटीला मुदत आहे ती वाळू पडेपर्यंतची. त्यामुळे एरवी ज्या गप्पा आपण कानाआड केल्या असत्या, त्या कान देऊन ऐकतो. दोघं नाचताना काही फार थोर बोलत नाहीत, पण वाळू पडते आहे हे आपल्याला ठाऊक असतं, आणि साध्या वाक्यालाही वजन येतं. हे वजन गैरसमजाने आणता येत नाही.

नीट पाहिलं तर या सिनेमांतली जादू अट आणि मुदत घेऊनच येते. नेटफ्लिक्सच्या २०१९ सालच्या ‘द नाइट बिफोर ख्रिसमस’मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विचचा १३३४ सालचा सरदार आजच्या ओहायोत येऊन पडतो. ख्रिसमसच्या आदल्या रात्री बारा वाजेपर्यंत त्याला आपली कामगिरी पुरी करायची आहे, आणि कामगिरी कोणती ते मात्र त्याचं त्यानेच ओळखायचं. आपल्या पुराणकथा ऐकत वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. शापाबरोबर उःशाप येतो, वराला अट जोडलेली असते, आणि गोष्टीचा सगळा जीव त्या अटीत असतो. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला हे सिनेमे समजून घ्यायला सांताक्लॉजवर श्रद्धा असावी लागत नाही.

आता थोडं पैशाबद्दल बोलते, कारण त्याशिवाय ही जादू अशीच का, ते कळणार नाही. टीव्हीसाठीचा सिनेमा कमी पैशांत आणि फार लवकर करावा लागतो. हॉलमार्कच्या सिनेमाचं चित्रीकरण साधारण तीन आठवड्यांच्या आत उरकतं. बरेचसे सिनेमे कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया आणि ओंटारिओ या प्रांतांत होतात, कारण तिथे करात सवलत मिळते. डिसेंबरात दाखवायचा म्हणून तो अनेकदा उन्हाळ्यातच चित्रित करतात. कलाकार भर उन्हात लोकरीचे कोट चढवून खोट्या बर्फावर चालतात. जाहिराती धरून दोन तासांचा वेळ, त्यात प्रत्यक्ष सिनेमा जवळपास चौऱ्याऐंशी मिनिटांचा, आणि गोष्ट सहसा नऊ भागांत तोडलेली, प्रत्येक भागानंतर जाहिराती. जाहिरातीनंतर प्रेक्षक परत यावा म्हणून प्रत्येक भागाच्या अखेरीस काहीतरी उत्सुकता लावून ठेवावी लागते. जादूची अट आणि मुदत यांचा इथे मोठा आधार होतो.

अशा हिशेबात आकाशात उडणारे घोडे परवडत नाहीत. म्हणून जादू एखाद्या वस्तूत येऊन बसते: वाळूचं घड्याळ, काचेच्या गोळ्यातलं बर्फाचं गाव, एखादं कॅलेंडर, गळ्यातला स्कार्फ. त्या वस्तूने काय केलं हे आपल्याला कळतं ते नटीच्या चेहऱ्यावरून. तिने डोळे उघडले, खोलीत नजर फिरवली, काहीतरी बदललंय हे तिच्या ध्यानात आलं, बस्स. या टंचाईतून फार मोठा फायदा झाला असं माझं स्पष्ट मत आहे. कोट्यवधी डॉलरांच्या जादूपटात आपण जादू बघतो. इथे ज्या माणसावर जादू झाली आहे त्याच्याकडे बघतो. प्रेमकथेला दुसरं काय हवं असतं!

टीव्हीचं हे कसब जुनं आहे. १९६४ साली एबीसी वाहिनीवर ‘बिविच्ड’ सुरू झाली, साध्या माणसाशी लग्न केलेल्या चेटकिणीची मालिका; पुढच्या वर्षी एनबीसीवर ‘आय ड्रीम ऑफ जीनी’, बाटलीतून निघालेल्या जिनीची. नव्वदच्या दशकात या मालिका सोनीवर हिंदीत डब होऊन आल्या, तेव्हा आपल्याकडच्या कित्येक घरांत त्या बघितल्या गेल्या. इथे बसलेल्यांपैकी काहींना ‘बिविच्ड’ची नायिका एलिझाबेथ मॉन्टगमरीचं ते नाक हलवणं आठवत असेल. तिने नाक हलवलं की टेबलावर जेवण हजर. ते कसं करायचे? कॅमेरा थांबवायचा, नटांनी होते तसे स्तब्ध उभं राहायचं, माणसांनी पटकन भांडी मांडायची, कॅमेरा पुन्हा सुरू. एवढंच. आणि दोन्ही मालिकांत मूळ प्रश्न नवरा-बायको, स्त्री-पुरुष यांच्यातलाच होता: जिच्याकडे एवढी शक्ती आहे, तिने ती घरात वापरायची की नाही?

डिसेंबर महिन्याशी ही जादू कशी बांधली गेली, त्यालाही कारण आहे. १९४६ सालचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ प्रदर्शित झाला तेव्हा फारसा चालला नाही. आत्महत्येच्या काठावर असलेल्या माणसाला एक देवदूत दाखवतो की तो जन्मलाच नसता तर गावाचं काय झालं असतं. १९७४ साली त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं, आणि टीव्ही केंद्रांना तो जवळजवळ फुकटात दाखवता येऊ लागला. दर डिसेंबरात, सगळ्या वाहिन्यांवर, पुन्हा पुन्हा. अशाने माणसांवर दया करणारी जादू ही ख्रिसमसच्या टीव्हीची सवय होऊन बसली. हॉलमार्कने ती सवय व्यवस्थित वाढवली. मुळात ही शुभेच्छापत्रांची कंपनी: १९१० साली जॉइस हॉल नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बुटांच्या दोन खोक्यांत पोस्टकार्डं भरून कॅन्सस सिटीत आला, तिथून तिची सुरुवात. तिची वाहिनी याच नावाने २००१ साली आली, आणि २००९ पासून ख्रिसमसच्या सिनेमांचा सलग मोसम ती ठरवून दाखवू लागली.

काळात अडकण्याची गोष्ट मला सगळ्यांत प्रिय. एबीसी फॅमिली वाहिनीचा २०११ सालचा ‘ट्वेल्व्ह डेट्स ऑफ ख्रिसमस’ घ्या. केट नावाच्या मुलीला ख्रिसमसच्या आदल्या दिवशी एका अनोळखी माणसाला भेटायला जायचं असतं, पण तिचं चित्त जुन्या प्रियकराला परत मिळवण्यात. दुकानात कुणीतरी अंगावर अत्तर फवारतं, ती चक्कर येऊन पडते, आणि त्यानंतर तोच दिवस तिला बारा वेळा जगावा लागतो. पहिल्या खेपेला ती समोरच्या माणसाकडे धड बघतही नाही. शेजारच्या बाई दारात काही बोलू पाहतात, त्यांना ती वाटेला लावते. हळूहळू, दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही म्हणून, ती माणसांकडे लक्ष द्यायला लागते. समोरचा माणूस विधुर आहे हे तिला कळतं. शेजारणीचं एकटेपण कळतं. तो दिवस सगळ्यांसाठी तोच आहे, फक्त तिला तो पुन्हा पुन्हा मिळतो आहे.

इथे जादूने काय दिलं? वेळ दिला. प्रेम तिने दिलेलं नाही. या सगळ्या सिनेमांचा हा एक अलिखित नियम आहे आणि चांगले सिनेमे तो काटेकोर पाळतात: जादू भेट घडवते, थांबायला लावते, पण मन वळवत नाही. ज्या सिनेमात मंत्राने कुणाला प्रेमात पाडलं जातं, तिथे गोष्ट तो मंत्र उतरवल्याशिवाय संपत नाही. निर्णयाच्या क्षणी जादू बाजूला होते.

आणि या हलक्याफुलक्या सिनेमांत मृत्यू किती आहे, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. हॉलमार्कच्याच २००८ सालच्या ‘द गुड विच’मधला पोलीसप्रमुख दोन मुलांचा विधुर बाप आहे. गावात आलेली कॅसी चेटकीण आहे की नुसतीच माणसं ओळखणारी शहाणी बाई, हे सिनेमा स्पष्ट सांगत नाही. ती नेमकी हवी तेव्हा हजर असते एवढंच. या पात्रावर सात सिनेमे झाले आणि २०१५ ते २०२१ मालिका चालली. नेटफ्लिक्सच्या २०२४ सालच्या ‘हॉट फ्रॉस्टी’मध्ये कॅथी ही कॅफे चालवणारी विधवा आहे. नवरा कर्करोगाने गेलाय, घराच्या दुरुस्त्या तशाच रखडल्यात. भेट मिळालेला लाल स्कार्फ ती एका बर्फाच्या पुतळ्याच्या गळ्यात घालते आणि पुतळा जिवंत होतो. हा माणूस टीव्ही बघून बघून सुतारकाम, स्वयंपाक सगळं शिकतो आणि तिचं घर दुरुस्त करायला घेतो. कल्पना ऐकायला बालिश वाटते. पण नवरा गेल्यावर घरातलं गळकं छत बघत बसलेली बाई बालिश नाही. उष्णतेने विरघळणाऱ्या माणसावर जीव लावायचा की नाही, हा तिच्यापुढचा प्रश्न म्हणजे पुन्हा कुणाला गमावण्याची तयारी आहे का, हाच प्रश्न. सरळ विचारला असता तर आपणही टीव्ही बंद केला असता. बर्फाच्या माणसाआडून विचारला म्हणून आपण बसून राहतो.

‘शेवट आधीच ठाऊक असतो’ हा आक्षेप मला कधी पटला नाही. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यानाचा शेवट ठाऊक नसतो का? दिवसभर आजाऱ्याची सेवा केलेली, रात्री परदेशातल्या घरात एकटीच जेवायला बसलेली बाई जेव्हा हे सिनेमे लावते, तेव्हा तिला शेवट ठाऊक असणंच हवं असतं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांनाही बाहेर बर्फ आणि चार वाजता अंधार अशा डिसेंबरात हे नक्कीच जाणवत असेल.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि मला तो बोचतो. बरीच वर्षं ही जादू गोऱ्या, ख्रिस्ती, स्त्री-पुरुष जोडप्यांच्याच वाट्याला आली. डिसेंबर २०१९ मध्ये हॉलमार्कने दोन नववधूंचं चुंबन दाखवणाऱ्या जाहिराती काढून टाकल्या, गदारोळ झाला, मग माफी मागून निर्णय मागे घेतला. त्यानंतर चित्र बदलू लागलं. २०२२ च्या ‘द हॉलिडे सिटर’मध्ये दोन पुरुषांची प्रेमकथा मध्यभागी आली. २०२३ च्या ‘राउंड अँड राउंड’मध्ये काळात अडकलेली नायिका ज्यू आहे आणि पुन्हा पुन्हा येणारी रात्र हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाची सातवी. हे बदल उशिरा झाले आणि पुरेसे झालेले नाहीत. ज्या सिनेमाचं मूळ काम माणसांना एकमेकांकडे बघायला लावणं आहे, त्याने काही माणसांना चौकटीबाहेर ठेवावं, हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं.

कुणाला सुरुवात करायची असेल तर बाराव्या खेपेपर्यंत अडकलेल्या केटपासून करा, मग बिल्टमोरकडे जा. एका रात्री एकच बघा. आणि जाहिराती असतील तर त्या चुकवू नका. गोष्टीचे नऊ तुकडे कसे बेतलेत, ते त्यांच्यामुळेच कळतं.