गाडीचा हॉर्न आणि लांब श्वास

श्रोतेहो, नमस्कार.

गुढीपाडवा झाला की बालाघाटाच्या डोंगरातली गावं पुन्हा भरू लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांत दसरा-दिवाळीला कुलूप लागलेली घरं उघडतात. साखर कारखान्यांचा पट्टा पडलेला असतो, म्हणजे गाळप थांबलेलं असतं, आणि भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, लेकरं घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या परत येतात. पारावर पहिला प्रश्न असतो तो मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांचा, "उचल फिटली का?" "झोप लागती का?" असं कुणी विचारत नाही. आज मला त्या झोपेविषयी बोलायचंय.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होतो. दोन माणसांची मोजणी एका हत्यारात. पहाटे फडात उतरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. गाडी रात्री दोनला आली तर दोनला उठायचं. खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून अंगात ताप असो की पाळी असो, बाई फडात असते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली. सहा महिने आपल्या देहावर आपला शब्द चालत नाही, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

आमच्या गावच्या समाजमंदिरात मी काही वर्षांपासून परतलेल्या बायकांबरोबर संध्याकाळी बसते. पहिल्या दिवशी योगाच्या वर्गात मी शिकले होते तेच केलं. सतरंजीवर उताणं झोपायला सांगितलं, दिवा मालवला, "डोळे मिटा, अंग सैल सोडा" म्हटलं. दोन मिनिटांत एक जण ताडकन उठून दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, डोळे झाकले की गाडीचा हारन वाजतोय बघा कानात." दुसरी बोललीच नाही, पदर घट्ट आवळून भिंतीला टेकून बसली. उघड्या कोपीत, म्हणजे झोपडीत, परक्या गावात, लेक शेजारी घेऊन रात्र काढलेल्या बाईला अंधारात उताणं पडायला सांगणं किती चुकीचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

भीती अंगात राहते हे आपल्या मराठवाड्याला नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली. गणपती विसर्जनाची रात्र होती, माणसं दमून झोपली होती. त्यानंतर कितीतरी जणांना पक्क्या छताखाली झोपवेना. डोक्याला कळत होतं की आता घर मजबूत आहे, पण अंगाला ते पटत नव्हतं. ऊसतोडीहून आलेल्या बाईला रस्त्यावरचा ट्रक नुसता वाजला तरी जाग येते, ती याच अंगाच्या आठवणीमुळे.

म्हणून आम्ही पद्धत बदलली. दिवा चालू, दार उघडं, गोल करून मांडी घालून बसायचं. मांडी जमत नसेल तर पाय लांब. डोळे उघडे ठेवा किंवा मिटा, तुमची मर्जी. मी कुणाला हात लावून आसन सुधारत नाही. कष्टानं मोडलेल्या कमरेला आणखी व्यायाम कशाला? खांदे वर घ्यायचे, सोडायचे. मान हळू फिरवायची. तळपाय जमिनीला टेकलेत का, एवढं बघायचं. मग श्वास. नाकानं घ्यायचा आणि सोडताना ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव करत सावकाश सोडायचा. श्वास घेताना काळजाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. वीस जणींचा गुंजारव एका खोलीत घुमला की जात्याची घरघर आठवते. आपल्या आज्या जात्यावर बसून ओवीत मन मोकळं करायच्या, तेव्हा त्यांचाही श्वास असाच लांबत असेल, असं मला नेहमी वाटतं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. २०१४ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मानसिक आघाताचा त्रास उपचारांनंतरही न गेलेल्या ६४ बायका त्यात होत्या. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा तासभर, काही जणींनी सक्ती नसलेला असा योग केला. त्या गटात ३१ पैकी १६ जणी शेवटी त्या आजाराच्या निदानात बसेनाशा झाल्या. आरोग्याची माहिती आणि चर्चा एवढंच मिळालेल्या गटात अशा २९ पैकी ६ होत्या. म्हणजे सगळ्यांना गुण येतो असं नाही. जिला जीव नकोसा वाटतो, जिला रात्र रात्र झोप नाही, तिला नुसत्या श्वासावर सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा सरकारी क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. आणि तोडणीचा दर, फडाजवळ दवाखाना, संडास, प्यायचं पाणी ही मागणी या बैठकीमुळे एका तसूनंही मागं पडता कामा नये. दमलेल्या माणसाला शांत बसवून गप्प करायला योग वापरला, तर तो अन्याय होईल.

पहिल्या दिवशी दारात जाऊन उभी राहिलेली ती बाई यंदाही कारखान्यावर गेली होती. परवा भेटली. म्हणाली, रात्री जेवणं झाली की कोपीबाहेर चुलीपाशी आठ-नऊ जणी बसायच्या आणि तीच सगळ्यांना श्वास धरायला, सोडायला सांगायची. मुकादमानं विचारलं, हे काय चाललंय. "म्हटलं, हरिपाठ हाय आमचा." मी विचारलं, किती वेळ बसायचात? ती म्हणाली, "गाडी येईस्तवर."